ज्या मुलास पोट भरल्याचे कळत नाही

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर आपण जी भाषणे ऐकली ती बहुधा ज्ञातीच्या पूर्वेतिहासावर, शिक्षणनिधीवर अथवा आपल्यातील कर्त्या पुरुषांच्या यशावर होती. माझा विषय त्या मानाने घरगुती आहे. कार्यवाहांनी मला बोलण्याची विनंती केली तेव्हा, आनंदाच्या दिवशी दुखण्याची चर्चा कशाला, असा प्रश्न बैठकीत निघाल्याचे माझ्या कानावर आले. प्रश्न रास्त आहे. त्यास माझे उत्तर एवढेच की, ज्या दुखण्याविषयी मी बोलणार आहे त्याची खरी गाठ आपल्या आनंदाच्या दिवसांशीच पडते. लग्न, मुंज, बारसे, गणपती, दिवाळी आणि आजच्यासारखी संमेलनाची पंगत! एरवी ते आम्ही घरात, कुलपाआड, कसेबसे सांभाळतो.

माझी धाकटी कन्या एकोणीस वर्षांची आहे. तिला ‘प्रॅडर-विली सिंड्रोम’ नावाची जन्मजात व्याधी आहे. हे भाषण स्मरणिकेत छापले जाणार हे तिला ठाऊक असून, आपले नाव त्यात येऊ नये, वय मात्र अवश्य लिहावे, अशी तिची आज्ञा आहे. ती मी पाळतो.

प्रथम या व्याधीची थोडी हकीकत सांगणे अवश्य आहे. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील आंद्रेआ प्रॅडर, अलेक्सिस लाबहार्ट व हाइनरिख विली या तीन वैद्यांनी १९५६ साली नऊ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. जन्मतः अंगात जोर नाही, पुढे अनावर भूक व स्थूलता, ठेंगणी उंची, हातापायांचे पंजे लहान, बुद्धीची वाढ काहीशी मंद, असा या सर्वांचा एकच नमुना त्यांना दिसला. कारण मात्र सांगता येईना. आणि ते सांगता येण्यासारखे नव्हतेही. मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रे अठ्ठेचाळीस नसून सेहेचाळीस असतात, ही साधी मोजणीसुद्धा त्याच १९५६ साली स्वीडनमधील लुंड येथून त्यो व लेवान यांनी प्रसिद्ध केली. अमेरिकेतील डेव्हिड लेडबेटर व त्यांच्या सहकाऱ्यांना अशा रुग्णांच्या पंधराव्या गुणसूत्राचा एक लहानसा तुकडा नाहीसा झालेला दिसला तो १९८१ साली. म्हणजे व्याधीला नाव मिळाल्यावर तिचे मूळ सापडण्यास पंचवीस वर्षे लागली.

व्याधी मात्र पुरातन असावी. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात कारेन्यो दे मिरांदा या चित्रकाराने १६८० च्या सुमारास काढलेली एका अतिस्थूल सहा वर्षांच्या मुलीची दोन चित्रे आहेत. राजदरबारात तिला कौतुकाची वस्तू म्हणून आणले होते. ती याच व्याधीची असावी असे आज कित्येक वैद्यांचे मत आहे. चित्रात तिच्या हाती फळ दिलेले आहे. माझ्या पत्नीने ते चित्र पाहिले तेव्हा ती फक्त इतकेच म्हणाली, “हिलाही कोणीतरी खायलाच दिले.”

आता मूळ कारणाकडे वळतो. आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. जोडीतील एक आईकडून यावयाचे, एक वडिलांकडून. मी जन्मभर हिशेबनिसाचे काम केले, त्यामुळे मला ही योजना एकाच खातेवहीच्या दोन प्रतींसारखी वाटते. एका प्रतीचे पान फाटले तर दुसरीवरून काम भागते. परंतु पंधराव्या गुणसूत्रावर एक पट्टा असा आहे की, तेथील काही जनुकांची आईकडून आलेली प्रत मिटलेलीच असते. कामास येते ती केवळ वडिलांकडची. वडिलांच्या प्रतीतील तेवढे पान गहाळ झाले तर दुसरी प्रत जवळ असूनही उपयोगाची नाही. शंभर रुग्णांपैकी साठ-सत्तर जणांत हे पान तुटून गेलेले असते. पंचवीस ते पस्तीस जणांत निराळाच प्रकार होतो. त्यांची पंधरावी गुणसूत्रे दोन्हीही आईकडूनच आलेली असतात. उरलेल्या थोड्या जणांत पान जागेवर असते, पण त्यावर भलताच ठसा पडून तेही मिटलेले असते. याच पट्ट्यातील, केवळ आईकडून कामास येणारे जनुक नाहीसे झाले तर ‘एंजलमन सिंड्रोम’ ही अगदी वेगळी व्याधी होते. त्या मुलांना वाचा जवळजवळ नसते व वारंवार हसू येते. एकाच पानाच्या दोन प्रती, आणि कोणाची हरवली यावरून मुलाचे सारे आयुष्य बदलते! आई-वडिलांच्या वारशातील हा भेद मनुष्यमात्रात प्रथम ओळखला गेला तो या व्याधींच्या अभ्यासातूनच.

दहा हजार ते तीस हजार जन्मांमागे एक असे तिचे प्रमाण सांगतात. म्हणजे लाखामागे तीन ते दहा मुले. आपल्या लहानशा ज्ञातीत आमचे एकच घर असेल, असे आपणांस वाटेल. तसे असेलही. परंतु महाराष्ट्रासारख्या राज्यात ही मुले शेकड्यांनी जन्मास येत असली पाहिजेत, आणि त्यांपैकी बहुतेकांना ‘लठ्ठ’, ‘खादाड’, ‘हट्टी’ यांपलीकडे कोणतेही निदान मिळालेले नसावे.

या खादाड म्हणवल्या जाणाऱ्या मुलांच्या आयुष्याचा आरंभ मात्र उपासाने होतो. गर्भात हालचाल मंद असते. जन्मल्यावर मूल कापडाच्या बाहुलीसारखे लुळे, रडणे क्षीण, आणि दूध ओढण्याची ताकद नाही. आमच्या मुलीला पहिले पाच आठवडे नाकातून घातलेल्या नळीने दूध दिले गेले. प्रसूतीनंतर घरी आलेल्या स्त्रिया पाळण्याकडे पाहून “किती शांत मूल!” म्हणत, तेव्हा माझी पत्नी आत निघून जाई. गुणसूत्रांची नेहमीची तपासणी करविली, ती निर्दोष आली. सर्वांना हायसे वाटले. वस्तुतः एवढा बारीक तुकडा त्या तपासणीत पुष्कळदा दिसतच नाही. त्यासाठी ‘मिथायलेशन’ नावाची जनुकीय तपासणी करावी लागते, आणि तिच्यात शंभरांपैकी नव्याण्णवांहून अधिक रुग्ण सापडतात. हे आम्हांला मुलगी चार वर्षांची झाल्यावर एका तरुण बालरोगतज्ज्ञाने सांगितले. तोवर तिचे वजन वाढू लागले होते. येथे उपस्थित असलेल्या डॉक्टर मंडळींना व नव्या आयांना माझी हात जोडून विनंती आहे की, जन्मतः लुळे असून दूध न ओढणारे मूल दिसले तर या एका तपासणीचा विचार व्हावा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत निदान झाले तर मुलाचे पुढचे सारे आयुष्य वेगळ्या वळणाने नेता येते.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नळी, चमचा, काळजी हे सारे संपते आणि मूल जेवू लागते. आजीला आनंद होतो. पहिली काही वर्षे आहार न वाढताच वजन वाढते, आणि मग हळूहळू भूक येते. ही भूक म्हणजे आपली भूक नव्हे. आपण जेवून उठतो ते पोट भरले म्हणून, असे आपण समजतो. खरे पाहता मेंदूच्या तळाशी ‘हायपोथॅलॅमस’ नावाचा जो चिमुकला भाग आहे तेथे ‘पुरे’ हा निरोप पोहोचतो म्हणून आपण उठतो. या मुलांना तो निरोप पोहोचत नाही. पानावरून उठलेल्या क्षणी त्यांना पानावर बसताना होती तेवढीच भूक असते. त्यातच स्नायू कमी असल्यामुळे त्यांच्या शरीराला अन्न लागते ते इतरांच्या सुमारे साठ ते ऐंशी टक्केच. माझी मुलगी दिवसाला हजार-अकराशे कॅलरींवर राहते. तिच्या वयाच्या मुलीला साधारण दोन हजार लागतात. भूक कधी न शमणारी, आणि गरज मात्र निम्म्याहून थोडी अधिक! मी आयुष्यात पुष्कळ ताळेबंद जुळविले, पण याच्याइतका कठीण एकही नव्हता.

पूर्वी घरच्या कर्त्या स्त्रीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे, व तो तिच्या अधिकाराचे चिन्ह समजला जाई. माझ्या पत्नीच्या कमरेला आजही तो आहे. त्यात तिजोरीची किल्ली नाही. स्वयंपाकघराची, शीतकपाटाची, फडताळाची, आणि केराच्या डब्यासाठी केलेल्या लाकडी पेटीची आहे. शेवटची किल्ली ऐकून आपणांपैकी काही जण चमकले असतील. हे मूल उष्टे खाते, गोठलेले कच्चे पीठ खाते, शेजाऱ्यांच्या दारातील कुत्र्याची पोळी खाते. त्यात लबाडी नाही. पाण्यात बुडणारा जसा हाताला लागेल ते धरतो तसे ते आहे. “पोटच्या पोरीला उपाशी ठेवतात,” असे आमच्याविषयी म्हटले गेले आहे, आणि म्हणणारी माणसे वाईट नव्हती.

कुलूप हे मुलावर लादलेले बंधन आहे असे आपल्याला वाटते. अनुभव उलट आहे. या विषयातील जाणकार एक सूत्र सांगतात की, पुढचे जेवण केव्हा व काय मिळणार याविषयी मुलाच्या मनात शंका नसावी, त्यापलीकडे काही मिळेल अशी आशाही नसावी. म्हणजे निराशेचा प्रसंग येत नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर एक फळा आहे. त्यावर रोज सकाळी दिवसभराचे जेवण वेळेसकट लिहिलेले असते. सव्वाबारा वाजता एक लहान भाकरी, वाटीभर पालेभाजी, काकडी, पातळ ताक. ती तो फळा दहा वेळा वाचते व शांत होते. ज्या दिवशी कोणी “बघू, आज काहीतरी गंमत करू” असे मोघम बोलते, त्या दिवशी घरात रणकंदन ठरलेले. ‘काहीतरी’ या शब्दात आशा असते, आणि ती आशा तिला दिवसभर दुसरे काही सुचू देत नाही. सव्वाबाराचे जेवण पाऊणला झाले तरी तिचा ताबा सुटतो. ती किंचाळते, हाताची कातडी ओरबाडते, आणि तासाभराने सर्वांची क्षमा मागत फिरते. ते क्षमा मागणे पाहणे किंचाळण्यापेक्षा जड जाते.

आता मी पंगतीकडे येतो.

आग्रह हा आपल्या समाजाचा दागिना आहे. यजमानाने पंगतीतून फिरावे, नको म्हणणाराच्या पानात जिलबी वाढावी, आडव्या हाताखालून लाडू सरकवावा, आणि हरलेल्या पाहुण्याने हसत तो खावा, यात केवढी माया आहे हे मला कोणी सांगावयास नको. दुष्काळ व टंचाई पाहिलेल्या पिढ्यांनी ही रीत घडविली. त्या काळी लेकरू हडकुळे दिसले की ते जगेल की नाही ही धास्ती असे, आणि त्याच्या मुखात घास घालणे हाच त्याला जगविण्याचा उपाय होता. या रीतीची निंदा करण्यास मी आलेलो नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, तुमच्या मायेची भाषा ज्या एका मुलाला विषासारखी बाधते, ते मूल या सभागृहात बसलेले आहे.

सहा वर्षांपूर्वी एका लग्नात ती मुदपाकखान्याच्या बाजूस गेली. आम्ही दोघे आळीपाळीने तिच्याबरोबर असतो, परंतु त्या मार्गावर तिला ओळखणारे, तिच्यावर जीव असणारे कोणी भेटले. तिने “मला भूक लागली आहे” असे सांगितले, आणि ते तर सत्यच होते. त्या माणसाने तिला मोतीचुराचे लाडू दिले, पुऱ्या दिल्या, मठ्ठा दिला, आणि मुलगी पोटभर खाते आहे हे पाहून बाजूला बसून कौतुक केले. किती वेळ, किती लाडू, हे नंतर कोणालाच सांगता आले नाही. रात्री तिचे पोट नगाऱ्यासारखे ताणले. ती रडली नाही, कारण या मुलांना वेदना फार कमी जाणवते. ती ओकलीही नाही, कारण त्यांना उलटी सहसा होत नाही. ती फक्त फिकी पडली व निजून राहिली. एकाएकी अतोनात खाल्ल्याने या मुलांची जठराची पिशवी फुगून तिच्या भिंतीचा रक्तपुरवठा बंद पडतो व ती फाटते. त्यात मृत्यू आल्याची उदाहरणे वैद्यकीय ग्रंथांत नोंदलेली आहेत. आम्ही वेळेवर इस्पितळात पोहोचलो. तीन दिवस अतिदक्षता विभागात काढले. आमच्या घरी तेव्हापासून नियम आहे की, तिने पोट दुखते म्हटले किंवा तिला उलटी झाली तर सकाळची वाट पाहावयाची नाही.

ज्या माणसाने लाडू दिले त्याचे नाव मी घेत नाही व घेणार नाही. त्याने दिले ते प्रेमाने. त्या प्रेमाला दुसरा रस्ता कोणता, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. तो सांगण्यासाठीच मी उभा आहे. आपल्या परंपरेत असे रस्ते पुष्कळ आहेत. गेल्या वर्षी एका मुंजीत यजमानीणबाईंनी तिच्या हाती गुलाबदाणी दिली. दोन तास ती दारात उभी राहून येणाराच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडत होती, आणि त्या दोन तासांत तिने अन्नाचे नावही काढले नाही. संक्रांतीचे वाण आपण वस्तूंचेच देतो, तेव्हा तिळगुळाच्या जागी तिच्या हाती वाणातील एखादी फणी किंवा रुमाल ठेवावा. प्रसाद नाकारू नये ही आमचीही श्रद्धा आहे. आमच्या घरच्या सत्यनारायणाला गुरुजींना मी अडचण सांगितली, तेव्हा त्यांनी क्षणाचाही विचार न करता तिच्या ओंजळीत तीर्थ व पूजेतील एक फूल घातले आणि “हाही प्रसादच” म्हणाले. ते फूल तिने वहीत ठेवले आहे. मला वाटते, शास्त्रार्थाचा यापेक्षा मोठा निर्णय त्या दिवशी कोणी दिला नसता.

आणि एक मागणे पंगतीच्या व्यवस्थापकांस. पत्रिकेत बाराची वेळ छापावी आणि पाने दोनला मांडावी, हा आपल्याकडील रिवाज बदलता आला तर पाहावे. मधुमेहाचे वृद्धही आपल्याला दुवा देतील.

आता थोडे अप्रिय बोलणे भाग आहे. मुलीचे निदान झाले त्या वर्षी आमच्या पत्रिका पुन्हा उघडल्या गेल्या. एकनाड होती काय, सुनेच्या माहेरी असे कोणी होते काय, गर्भारपणी ग्रहण पाहिले काय, अशी चौकशी झाली. पंधरा वर्षे ती कुजबूज माझ्या पत्नीच्या कानावर येत राहिली. मी मघाशी सांगितलेले पुन्हा एकदा सांगतो. आमच्या मुलीच्या बाबतीत जे पान नाही, ते वडिलांच्या प्रतीतले आहे. ते माझ्याकडून यावयाचे होते. यावरून आता सासरच्या घराण्यावर बोट ठेवू लागावे असे नाही. बीज तयार होताना तेवढा तुकडा निसटतो, त्यास ना बापाचे कर्म कारण, ना आईचे, ना नाडी, ना ग्रहण. परंतु बोट नेहमी ज्या बाजूस वळते त्या बाजूस ते का वळले, हे ज्याचे त्याने मनाशी पाहावे.

त्याच कुजबुजीचा दुसरा फटका आमच्या मुलाला बसला. त्याच्यासाठी आलेली तीन स्थळे, बहीण पाहिल्यानंतर, काही न कळविता थांबली. जनुकतज्ज्ञांनी आम्हांस लेखी दिले आहे की, या प्रकारात पुढील भावंडास तीच व्याधी होण्याचा संभव शंभरात एकाहूनही कमी असतो, आणि निरोगी भावाच्या मुलांस तो जगातील इतर कोणाही माणसाच्या मुलांइतकाच असतो. फक्त त्या तिसऱ्या, दुर्मिळ प्रकारात, जेथे ठशाचा दोष बापाच्या घराण्यातून आलेला असतो, तेथे संभव पन्नास टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून केवळ नाव कळून भागत नाही, प्रकार कोणता हेही तपासून घ्यावे लागते. आपल्या वधूवर सूचक मंडळाच्या अर्जात ‘घराण्यातील व्याधी’ असा रकाना आहे. तो भरताना सारेच खोटे लिहितात, हे चालकांनाही ठाऊक आहे. त्या रकान्याऐवजी दोन्ही बाजूंच्या थॅलॅसेमियाच्या रक्ततपासणीचा रकाना घातला तर काही उपयोग होईल. ज्ञातीतल्या ज्ञातीत विवाह करणाऱ्या समाजात अशा लपलेल्या दोषाचे दोघे वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो, आणि तसे झाले तर प्रत्येक अपत्यास चारात एक इतका धोका असतो. भ्यावयाचे तेथे आपण भीत नाही, आणि माझ्या मुलीला भितो.

उपचारांविषयी थोडक्यात सांगतो. व्याधी समूळ बरी होत नाही. वाढीच्या संप्रेरकाची टोचणी या व्याधीसाठी अमेरिकेत २००० साली मान्य झाली. तिने उंची व स्नायू वाढतात, चरबी कमी होते, अंगात उत्साह येतो. आमची मुलगी पाचव्या वर्षापासून रोज रात्री ती घेत आली. त्यापूर्वी झोपेत श्वास अडकतो काय हे पाहावे लागते, आणि पाठीचा कणा वाकत नाही ना याकडे वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते. अनावर भुकेवरचे पहिले औषध, डायझॉक्साइड कोलीन, अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये मान्य झाले. तेही कुलूप काढून टाकणारे नव्हे, तथापि साठ-सत्तर वर्षांत प्रथमच कोणी त्या भुकेला हात घातला.

संप्रेरकाचा खर्च मध्यमवर्गीय घरास झेपणारा नाही. केंद्र शासनाच्या २०२१ च्या दुर्मिळ व्याधीविषयक धोरणात या व्याधीचा समावेश आहे, आणि त्यासाठी नेमलेल्या केंद्रांपैकी एक मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय आहे, चौकशी तेथे करावी. बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार मिळते. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आईबाप हे आपोआप पालक राहत नाहीत; १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावे लागते. हे पुष्कळांना ठाऊक नसते व बँकेच्या खिडकीपाशी प्रथम कळते. आम्ही गेल्या वर्षी तो अर्ज केला. त्यात ‘आईबापांच्या पश्चात कोण’ अशा अर्थाची विचारणा आली, तेव्हा माझी लेखणी बराच वेळ थांबली. भाऊ आहे, तो पाहील. परंतु कुलपे लावावयाची, वेळा पाळावयाच्या, क्रोध सोसावयाचा, हे एका माणसाचे काम नव्हे. काही देशांत अशा पाचसहा प्रौढांसाठी वेगळी घरे आहेत. तेथील स्वयंपाकघर बंद असते आणि सेवक या व्याधीत शिकलेले असतात. आपल्याकडे ते घडावयास काळ लागेल. तोवर मला आपली घरे लागतील.

मुलीविषयी आपण फक्त भूक ऐकली, म्हणून दुसरेही ऐका. तुकडे जुळवून चित्र करण्याच्या खेळात तिच्यापुढे माझा टिकाव लागत नाही. पाचशे तुकड्यांचे चित्र ती चार संध्याकाळी पुरे करते. या व्याधीच्या पुष्कळ मुलांत हा गुण असतो. आणि तिची स्मरणशक्ती विलक्षण आहे. संस्थेची परिचयपुस्तिका हा तिचा आवडता ग्रंथ. कोणाचा जन्म केव्हाचा, कोण कोणाचा साडू, कोणत्या घरी किती मुले, हे तिला मुखोद्गत आहे. आपणांपैकी कित्येकांना वाढदिवसाच्या सकाळी बरोबर आठ वाजता एक दूरध्वनी येत असेल. तो तिचा असतो. न्याहारी आटोपली की ती ते काम करते.

याच पुस्तिकेविषयी तिने मागील महिन्यात मला एक प्रश्न विचारला. एका पानावर बोट ठेवून ती म्हणाली, “बाबा, यांच्याकडे दोन मुले छापली आहेत. मी तीन पाहिली.” मी ते पान पाहिले. मग तिने आणखी दोन पाने दाखविली. ती घरे कोणती हे मी सांगणार नाही. ज्यांनी आपल्या तिसऱ्या मुलाचे नाव दिले नाही, त्यांनी ते का दिले नाही हे मला पुरते समजते; मोठ्या बहिणीचे लग्न व्हावयाचे असते, लोक चार प्रश्न विचारतात. त्या मुलांची व्याधी कोणती हेही मला ठाऊक नाही. एवढे मात्र ठाऊक आहे की, त्यांच्या वाढदिवसाला माझ्या मुलीला दूरध्वनी करता येत नाही, आणि ते तिला खटकते.

पुस्तिकेची नवी आवृत्ती या वर्षी निघावयाची आहे. माहितीचे कोरे अर्ज बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत व कार्यवाहांच्या अनुमतीने मी त्यात अपत्यांच्या ओळी वाढवून घेतल्या आहेत. व्याधीचे नाव लिहिण्याचे कारण नाही. मुलाचे नाव व जन्मदिनांक एवढेच पुरे. ज्यांना माझ्याशी या विषयावर खाजगीत बोलावयाचे असेल त्यांच्यासाठी मी पंगत संपेपर्यंत डाव्या हाताच्या खोलीत बसलो आहे. आमचे डबे आम्ही बरोबर आणले आहेत.